वाचक विचारतात : लाउरा डालमायर आणि बायथलॉन

बर्फावर स्की करत दम लागेपर्यंत धावायचं आणि मध्येच थांबून रायफलीने पाच लक्ष्यं पाडायची, असा हा खेळ. मागच्या अंकात जर्मनीची बायथलॉनपटू लाउरा डालमायर हिच्यावर छोटं टिपण होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच मुद्द्याची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : टिपणात "महान खेळाडू" म्हटलं होतं, पण पंचविसाव्या वर्षी निवृत्त झालेल्या खेळाडूला महान म्हणायचं का? तिची पदकं नेमकी किती? (सोलापूर)

पदकं मोजली की पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. जन्म 22 ऑगस्ट 1993 चा, गाव बव्हेरियातलं गार्मिश-पार्टेनकिर्शेन. 2014 ला सोची ऑलिंपिकमध्ये उतरली तेव्हा वय वीस, हाती काही लागलं नाही. पुढच्याच वर्षी फिनलंडमधल्या कोंटिओलाहती इथल्या जागतिक स्पर्धेत रिलेचं सुवर्ण आणि परस्यूटचं रौप्य (हे शर्यतींचे प्रकार पुढच्या उत्तरात आहेत). 2016 ला ओस्लोत पाच पदकं, त्यात परस्यूटचं सुवर्ण. 2017 ला ऑस्ट्रियातल्या होखफिल्झेनमध्ये सहा शर्यती, सहा पदकं, त्यातली पाच सुवर्ण. फक्त स्प्रिंटमध्ये ती दुसरी आली, तिथे चेक प्रजासत्ताकाची गाब्रिएला कोउकालोव्हा पुढे होती. त्याच मोसमात विश्वचषकाचं एकूण विजेतेपदही तिने घेतलं. 2018 ला प्योंगचँग ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्ण आणि एक कांस्य, 2019 ला ओस्टरसुंडमध्ये दोन कांस्य. जागतिक स्पर्धांची बेरीज पंधरा पदकं : सात सुवर्ण, तीन रौप्य, पाच कांस्य.

एकाच जागतिक स्पर्धेत पाच सुवर्णं मिळवणारी ती पहिली महिला. 2020 ला नॉर्वेच्या मार्ते ओल्स्बू रोइसेलांडने तिची बरोबरी केली. दोन वर्षांपूर्वी प्योंगचँगच्या स्प्रिंटमध्ये डालमायरच्या मागे दुसरी आलेली हीच ती ओल्स्बू.

प्रश्न : स्प्रिंट, परस्यूट, इंडिव्हिज्युअल, मास स्टार्ट... सगळं सारखंच वाटतं. फरक काय? (परभणी, ठाणे, इंदूर)

फरक दोनच गोष्टींत आहे : सुरुवात कशी होते आणि नेम चुकला तर काय भरावं लागतं. अंतरं खाली महिलांची दिली आहेत.

स्प्रिंट 7.5 किलोमीटरची. खेळाडू ठरावीक अंतराने एकेक सुटतात. दोनदा नेमबाजी : आधी झोपून, मग उभं राहून, प्रत्येक वेळी पाच गोळ्या. एक लक्ष्य चुकलं की 150 मीटरची एक दंडफेरी. चांगली खेळाडू ही फेरी 22 ते 25 सेकंदांत संपवते.

परस्यूट 10 किलोमीटरची. स्प्रिंटमध्ये जितक्या सेकंदांनी मागे राहिलात तितक्याच सेकंदांनी इथे उशिरा सुटायचं. त्यामुळे पुढे असलेली खेळाडूच खरोखर पहिली असते. बघायला सर्वांत सोपा प्रकार हाच. नेमबाजी चार वेळा : दोनदा झोपून, दोनदा उभं राहून. मास स्टार्टलाही हाच क्रम, फक्त अंतर 12.5 किलोमीटर आणि तीसच्या तीस जणी एकदम सुटतात.

इंडिव्हिज्युअल 15 किलोमीटरची आणि सर्वांत जुन्या वळणाची. इथे दंडफेरी नाही. चुकलेल्या प्रत्येक गोळीला वेळेत सरळ एक मिनिट वाढतं. दंडफेरीत गेलेले 23 सेकंद तगडी स्कीपटू पुढे थोडेफार भरून काढते, एक मिनिट भरून निघत नाही. म्हणून ही शर्यत नेमबाजाची. रिलेमध्ये उलट सूट आहे : पाच गोळ्या पुरल्या नाहीत तर तीन जादा मिळतात, पण त्या एकेक करून हाताने भरायच्या. थंडीने बधिर बोटांनी एक गोळी भरायला जाणारे सेकंद टीव्हीवर बघताना फार लांब वाटतात.

डालमायरने या पाचही प्रकारांत जागतिक पदकं मिळवली. ती निव्वळ वेगवान स्कीपटू नव्हती आणि निव्वळ नेमबाजही नव्हती, हे त्यावरून कळतं.

प्रश्न : मी 50 मीटर रायफल खेळते. बायथलॉनचीही .22 आणि अंतरही 50 मीटर. मग आमच्या नेमबाजीत आणि त्यात एवढं वेगळं काय? (कोल्हापूर)

कोल्हापूरहून हा प्रश्न येणारच होता. म्युनिकला 2010 मध्ये 50 मीटर प्रोनची, म्हणजे झोपून मारायच्या प्रकाराची जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत तुमच्याच गावची आणि पॅरिस 2024 मध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं (तीन स्थितींतून मारायच्या प्रकाराचं) कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे तुमच्याच जिल्ह्यातला. तेव्हा तुमच्या मापांतच सांगतो.

लक्ष्यापासून सुरुवात करू. बायथलॉनमध्ये झोपून मारायचं लक्ष्य 45 मिलिमीटर व्यासाचं. तुमच्या 50 मीटरच्या कार्डावर आठचं वर्तुळ 42.4 मिलिमीटरचं असतं, म्हणजे आठच्या जरा बाहेरपर्यंत गोळी चालते. उभ्याचं लक्ष्य 115 मिलिमीटर, तर तुमच्या कार्डावरचा अख्खा काळा गोल 112.4. काळ्यात कुठेही लागली की पुरे. वाचून हसू येईल, पण ते धाप लागलेली नसेल तोवरच.

आता रायफल. तुम्हाला बरीच जड चालते. तिथे किमान वजन साडेतीन किलो, आणि ती संपूर्ण शर्यतभर पाठीवर असते. बहुतेक जणी त्या साडेतीन किलोच्या जवळपासच राहतात. हलकी रायफल चढावर बरी, पण उभ्याने धरताना तिची नळी जास्त डोलते. हा सौदा टळत नाही. ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा लागतो. तुमचा अगदी हलका ट्रिगर तिथे चालणार नाही, आणि गारठलेल्या बोटाला तो झेपलाही नसता. जाड कॅनव्हासचं जॅकेट नाही, कडक पँट नाही, अंगात स्कीचा पातळ सूट. भिंग नाही, बारीक भोकातून बघायची साधी डायॉप्टर साईट, तिच्यावर आणि नळीच्या तोंडावर बर्फ जाऊ नये म्हणून झाकणं.

सर्वांत छान भाग बोल्टचा. अर्धस्वयंचलित रायफलीला बंदी आहे, पण नेहमीचा बोल्ट वर-मागे-पुढे-खाली करत बसलं तर वेळ जातो. म्हणून जवळजवळ सगळ्यांकडे सरळ ओढायचा फोर्टनर बोल्ट असलेली अ‍ॅनशुट्झ दिसते. तर्जनीने मागे, अंगठ्याने पुढे, मूठ जागेवर, गाल स्टॉकवर तसाच. पाच गोळ्यांचं मॅगझिन, आणि अशी चार मॅगझिनं स्टॉकमध्येच खोचलेली.

आणि वेळ. तुमच्या थ्री पोझिशनमध्ये साठ गोळ्यांना दीड तास. तिथे मॅटवर पोचल्यापासून पाचवी गोळी सुटेपर्यंत 25 ते 30 सेकंद.

प्रश्न : छाती धडधडत असताना नेम कसा लागतो? श्वास रोखतात का? (नागपूर)

धडधड थांबत नाही. ती चालू असतानाच मारायचं असतं. ट्रॅकवर ठोके मिनिटाला 180 च्या आसपास असतात. रेंजकडे येताना शेवटच्या पन्नास-शंभर मीटरांत वेग मुद्दाम थोडा सोडतात, मॅटवर टेकेपर्यंत ठोके जरा उतरतात. फार उतरू दिले तर तेही वाईट. रोजच्या सरावात रायफल ज्या लयीवर बसलेली असते ती लय हरवते आणि वेळही जातो.

झोपून मारताना क्रम असा. काठ्या खाली, रायफल पाठीवरून पुढे, झाकणं उघडायची, मॅगझिन आत. दंडावरच्या पट्ट्याला रायफलीचा पट्टा अडकवायचा. डावं कोपर आधी टेकायचं, मग उजवं. दोन-तीन खोल श्वास, त्यातच वाऱ्याच्या झेंड्याकडे एक नजर. मग प्रत्येक गोळीला एक श्वास : सोडायचा, अर्ध्यावर थांबवायचा, ट्रिगरचा पहिला टप्पा आधीच घेतलेला, दुसरा सोडायचा. तो थांबा एक-दीड सेकंदाचाच. जास्त रोखला तर ऑक्सिजनची भूक लागलेलं शरीर थरथरायला लागतं आणि नजर धूसर होते. पट्टा दंडावर फार वर किंवा फार घट्ट असेल तर नाडीचा ठोका थेट रायफलीत उतरतो आणि साईट ठोक्यागणिक उडते. नवख्यांच्या गोळ्या वर-खाली पसरतात त्याचं हे एक नेहमीचं कारण.

उभ्याने पट्टा नाही. डावं कोपर बरगडीला किंवा कमरेच्या हाडावर टेकवून रायफल हाडांवर तोलायची, दंडाच्या ताकदीवर नाही. इथे शत्रू नाडी नसून मांड्या आहेत. चढावर पाय जाळून आलात की गुडघे लटपटतात, आणि ती लटपट साईटमध्ये स्पष्ट दिसते.

प्रश्न : प्योंगचँगच्या स्प्रिंटमध्ये वारा फार होता म्हणतात. 50 मीटरवर वाऱ्याने असा काय फरक पडतो? (पुणे)

चांगलाच पडतो. .22 ची गोळी हळू असते, सेकंदाला साधारण 330 मीटर. ताशी 18 किलोमीटरचा आडवा वारा तिला 50 मीटरवर दोन-अडीच सेंटीमीटर बाजूला नेतो. झोपून मारायच्या लक्ष्याच्या केंद्रापासून कडेपर्यंत अंतर आहे 22.5 मिलिमीटर. म्हणजे रायफलीची पकड अगदी बरोबर, ट्रिगर बरोबर, आणि तरी गोळी काठावर.

यावर उपाय दोन. शर्यतीआधी झिरोइंगसाठी वेळ असतो. तेव्हा कागदी लक्ष्यावर मारून, मागे दुर्बिणीतून बघणाऱ्या प्रशिक्षकाशी बोलून साईट त्या क्षणाच्या वाऱ्याला लावून घेतात. शर्यतीत वारा बदललेला दिसला तर साईट काही क्लिक त्या बाजूला फिरवायची, किंवा झेंडा मूळ जागी येईपर्यंत थांबायचं. क्लिक फिरवले तर पुढच्या फेरीला परत आणायचे, हे विसरून वाया गेलेल्या शर्यती कमी नाहीत. थांबायचं म्हटलं तर प्रत्येक सेकंद घड्याळात जातो.

10 फेब्रुवारी 2018 च्या त्या रात्री हवा बोचरी होती आणि वारा दिशा बदलत होता. डालमायरने दहापैकी दहा लक्ष्यं पाडली. वेळ 21 मिनिटं 6.2 सेकंद. ओल्स्बू 24.2 सेकंदांनी मागे, तिसरी वेरोनिका वीत्कोव्हा 25.8 सेकंदांनी. दंडफेरीचे 22 ते 25 सेकंद आठवा : तिची एक गोळी चुकली असती तर सुवर्ण अगदी काठावर आलं असतं. दोन दिवसांनी परस्यूट. वीसपैकी एकच चूक, अनास्तासिया कुझमिना 29.4 सेकंदांनी मागे. एकाच ऑलिंपिकमध्ये स्प्रिंट आणि परस्यूट दोन्ही जिंकणारी ती पहिली महिला. आमच्या मते तिची सर्वांत मोठी शर्यत परस्यूट नव्हे, ती स्प्रिंटच. परस्यूटला ती आघाडी घेऊन सुटली होती. स्प्रिंटला समोर फक्त घड्याळ आणि वारा.

प्रश्न : एवढ्या तयारीच्या खेळाडूंच्या गोळ्या तरी का चुकतात? (रत्नागिरी)

पहिली गोळी घाईने आणि पाचवी निष्काळजीपणाने, ही दोन जुनी दुखणी. चार लागल्या की मन आधीच स्कीवर गेलेलं असतं. बाकी कारणं किरकोळ वाटतात, पण पदक घालवतात. पडल्यावर नळीत बर्फ जातो. साईटवर श्वासाची वाफ गोठते. शेजारणीच्या लक्ष्यावर गोळी मारली तर ते लक्ष्य पडूनही चूक तुमच्या नावावर. दंडफेऱ्या मोजण्यात गोंधळ झाला आणि एक कमी मारली तर प्रत्येक राहिलेल्या फेरीला दोन मिनिटं. पाचपैकी एखादी गोळी न मारताच निघालात तरी दोन मिनिटं.

प्रश्न : तिचा उदरनिर्वाह कशावर चालायचा? बक्षिसांवर? (अमरावती)

बक्षिसं आणि पुरस्कर्ते होतेच, पण पाया सरकारी नोकरीचा. ती जर्मनीच्या सीमाशुल्क विभागाच्या स्की संघात होती. तिथे बहुतेक हिवाळी खेळाडू सीमाशुल्क, सैन्यदल किंवा संघीय पोलिसांच्या पगारावर असतात. सराव हीच ड्युटी. आपल्याकडे रेल्वेचं जे स्थान आहे तसंच. स्वप्नील कुसाळे पदक मिळवलं तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता.

प्रश्न : ऐन भरात निवृत्ती का? (नाशिक)

ऐन भर 2017 आणि 2018 चा. 2018-19 चा मोसम आजारपणाने खाल्ला. डिसेंबरच्या सुरुवातीला मोसम सुरू झाला तरी तिला त्या महिन्याच्या उत्तरार्धातच उतरता आलं. तरीही मार्चमध्ये ओस्टरसुंडला दोन कांस्यं आली, पण मे 2019 मध्ये तिने थांबायचं ठरवलं. कारण सांगितलं ते सरळ होतं : या खेळासाठी लागणारी शंभर टक्के ओढ आता वाटत नाही. बायथलॉनमध्ये ऐंशी टक्के ओढीवर भागत नाही. उन्हाळाभर रोलर स्की (चाकं लावलेल्या स्की), धावणं, सायकल, वर्षाला दहा हजारांहून अधिक गोळ्या, शिवाय घरी भिंतीसमोर बिनगोळीचा सराव. तिच्याच जिल्ह्यातल्या वालगाऊ गावची माग्दालेना नॉयनर 2012 ला अशीच पंचविसाव्या वर्षी बाहेर पडली, जागतिक स्पर्धांची बारा सुवर्णं घेऊन.

डालमायर नंतर रिकामी बसली नाही. क्रीडाविज्ञान शिकली, ‘त्सेट डे एफ’ वाहिनीवर शर्यतींचं विश्लेषण केलं, प्रमाणित पर्वत-मार्गदर्शक झाली, गावच्या पर्वत-बचाव दलात काम केलं. डोंगर तिला बायथलॉनइतकाच जुना होता.

प्रश्न : तिच्या अपघाताची बातमी वाचली. शेवटी तिला खाली का आणलं नाही? आम्ही गिर्यारोहण करणाऱ्यांना हे पटायला जड जातं. (पुणे, दोन पत्रं)

28 जुलै 2025 ला पाकिस्तानातल्या काराकोरममध्ये, हुशे खोऱ्यातल्या लैला शिखरावर, सुमारे 5,700 मीटर उंचीवर वरून कोसळलेल्या दगडांच्या तडाख्यात ती सापडली. सोबतच्या गिर्यारोहक मैत्रिणीला इजा झाली नाही, तिनेच मदतीचा संदेश दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी हेलिकॉप्टर वरून गेलं तेव्हा डालमायर दिसली, पण जिवंतपणाची खूण नव्हती. त्या भागात असलेल्या अनुभवी गिर्यारोहकांची तुकडी मदतीला जमली, त्यात जर्मनीचा थोमास हुबरही होता. दगड कोसळतच होते. 30 जुलैला तिचा मृत्यू जाहीर झाला.

मृतदेह न आणण्यामागे दोन कारणं होती. एक, त्या उंचीवर हेलिकॉप्टर उतरवता येत नव्हतं आणि पायी जाणारा प्रत्येक माणूस त्याच दगडांच्या वाटेत उभा राहिला असता. अशा भिंतीवर रात्री गोठलेलं पाणी दगड धरून ठेवतं, ऊन चढलं की ती पकड सुटते. दुसरं कारण अधिक महत्त्वाचं : आपल्याला परत आणण्यासाठी कुणी जीव धोक्यात घालू नये, हे तिने आधीच लेखी नोंदवलं होतं. ती स्वतः बचाव दलात काम करायची. दोराच्या दुसऱ्या टोकाला कोण असतं हे तिला ठाऊक होतं. पटायला जड जातं हे खरं, पण इथे बाकीच्यांनी करायचं होतं ते एवढंच की तिचा शब्द पाळायचा, आणि तो पाळला गेला.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे, क्लबमध्ये एअर रायफल खेळते आणि धावतेही. बर्फ नसताना यातलं काही करून बघता येईल का? (सातारा)

येईल. जर्मनीतही मुलं आधी 10 मीटरवर एअर रायफलनेच शिकतात, .22 नंतर. आपल्याकडे .22 ला शस्त्रपरवाना लागतो, तेव्हा त्या वाटेला आत्ता जाऊच नका.

50 मीटरची मापं 10 मीटरवर पाचपटीने लहान होतात. 45 चे झाले 9 मिलिमीटर, 115 चे झाले 23. कंपासने एका कागदावर 9 मिलिमीटर व्यासाचे पाच गोल एका ओळीत काढा, दुसऱ्यावर 23 चे पाच. मधलं अंतर चार-पाच सेंटीमीटर ठेवा. छऱ्याचं भोक निम्म्याहून जास्त आत असेल तर लागला.

पहिले दोन-तीन आठवडे धावायचंच नाही. नुसत्या बसलेल्या श्वासावर झोपून पाचपैकी चार आणि उभ्याने तीन सातत्याने लागेपर्यंत थांबा. इथे पालक घाई करतात आणि मुलीला वाईट ट्रिगरची सवय लागते. मग 400 मीटर बोलता येईल इतक्या वेगाने धावून झोपून पाच, पुन्हा 400 मीटर धावून उभ्याने पाच. प्रत्येक चुकीला 100 मीटर जादा धाव. असे तीन संच एका वेळी पुरेत, आठवड्यातून दोनदा. वहीत तीन आकडे लिहा : धावण्याची वेळ, रेंजवरची वेळ, चुका. चुका वाढल्या तर धावण्याचा वेग कमी करा, नेमबाजीचा वेळ वाढवू नका.

सुरक्षेचं एकच पण पक्कं : रायफल रेंजच्या रेषेवरच राहते, मुलगी ती घेऊन धावत नाही. ती परत येईपर्यंत रायफल रिकामी, नळी लक्ष्याकडे, आणि क्लबचा प्रशिक्षक तिथे हजर. छरा ती नेमबाजीच्या जागी आल्यावरच भरायचा. एअर रायफलमध्ये हाताने एकेक भरावा लागतो म्हणून वेळ जाईल, जाऊ द्या. रिलेमधल्या त्या तीन जादा गोळ्यांचा सराव त्यातच होतो.